मसूरची तहान आणि देशाच्या नद्या

दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. कायदेपंडित, अर्थतज्ज्ञ, पत्रकार, धम्मक्रांतीचे प्रणेते म्हणून त्यांच्यावर भाषणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण १९४२ ते १९४६ अशी चार वर्षे देशातील पाटबंधारे, वीज आणि सरकारी बांधकामे ही खाती याच माणसाच्या हाती होती, हे आपल्या वस्त्यांमधल्या किती जणांना ठाऊक आहे? धरण कुठे बांधायचे, नदीचे खोरे कसे मोजायचे, पूर कसा अडवायचा या प्रश्नांवर बाबासाहेबांनी परिषदा घेतल्या, संस्था उभ्या केल्या. स्थापत्य अभियांत्रिकी हा विषय आपल्याकडे फक्त डिप्लोमा करणाऱ्या पोरांचा समजला जातो. बाबासाहेबांच्या आयुष्यात तो लहानपणापासून होता, आणि त्याची सुरुवात आपल्या सातारा जिल्ह्यात झाली.

आम्ही उंब्रज आणि आसपासच्या गावांत काम करतो. एका अंगाला तारळी, दुसऱ्या अंगाला कृष्णा आणि मधून पुणे-बंगळूर महामार्ग, असे हे गाव. कृष्णेचा पूल ओलांडून पूर्वेला निघाले की थोड्याच वेळात मसूर लागते. मसूरच्या रेल्वे स्टेशनचे नाव बाबासाहेबांच्या चरित्रात कायमचे नोंदले गेले आहे. म्हणून हे चरित्र आम्ही आमच्या परिसरापासून सांगणार आहोत.

दुष्काळी तलावावरचा खजिनदार

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीला राहिले आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यात रामजींना बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. १८९६ मध्ये आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमरावांचे नाव दाखल झाले. तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. माण, खटाव हा सातारा जिल्ह्याचा पूर्वभाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेला पाटण-महाबळेश्वरात धो धो पाऊस आणि पूर्वेला कोरडे माळ, हे चित्र आजही फारसे बदललेले नाही. इंग्रज सरकार दुष्काळात लोकांना फुकट धान्य द्यायला तयार नसे. खडी फोडणे, रस्ते करणे, तलाव खोदणे अशी कामे काढायची आणि मजुरी द्यायची, ही सरकारची पद्धत. खटाव तालुक्यातल्या गोरेगाव येथे असेच एका तलावाचे काम चालू होते आणि त्या कामावर रामजी खजिनदार होते. उपाशी माणसे माती उपसत होती, त्यांच्या मजुरीचा हिशेब रामजींकडे होता.

१९०१ च्या उन्हाळी सुटीत रामजींनी मुलांना गोरेगावला बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि दिवंगत बहिणीची दोन मुले नवे कपडे घालून निघाली. साताऱ्याहून टांग्याने स्टेशन, तिथून रेल्वेने मसूर. मसूरला वडील किंवा त्यांचा माणूस घ्यायला येईल अशी समजूत होती. पण मुले येत असल्याचे पत्र रामजींपर्यंत पोहोचलेच नव्हते. स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली, मुलांनी आपण महार असल्याचे सांगितले आणि मास्तरचा चेहराच पालटला. बैलगाडीवाले बाहेर उभे होते, पण कुणी नेईना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार, अशा अटीवर एक जण तयार झाला.

शिदोरी सोबत होती, पाणी नव्हते. वाटेतल्या ओढ्यात गाळ आणि शेणामुताने गढुळलेले डबके होते. रात्री ते एका जकातनाक्याजवळ थांबले. गाडीवानाने सुचवल्याप्रमाणे मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून नाकेवाल्याकडे पाणी मागितले, तरीही मिळाले नाही. चारही मुले अन्न जवळ असूनही उपाशी आणि तहानलेली झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली. पुढे आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिताना बाबासाहेबांनी हा प्रसंग सर्वांत आधी सांगितला.

या प्रसंगाबद्दल आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहे. पण तो ऐकताना एक गोष्ट नजरेतून सुटते. ज्या बापाची पोरे रात्रभर पाण्यावाचून राहिली, तो बाप त्याच वेळी पाणी साठवण्याच्या कामावर होता. तलाव बांधला गेला म्हणजे सगळ्यांना पाणी मिळते, असे होत नाही. पाणी साठवणे हे अभियंत्याचे काम आहे आणि ते कुणाच्या ओंजळीत पडणार हे समाज ठरवतो. या दोन गोष्टी एकत्र सोडवल्याशिवाय तहान भागत नाही, हे बाबासाहेबांच्या पुढच्या साऱ्या कामातून दिसते.

साखळी, दगड आणि वतन

पाण्याआधी जमिनीचा प्रश्न येतो. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांकडून रयतवारी मोजणीची नवी पद्धत सुरू केली. ती नंतर इलाखाभर पसरली. ३३ फुटांची साखळी, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर. आज आपण सातबाऱ्यावर जे गुंठे वाचतो ते या साखळीचे आहेत. प्रत्येक नंबराच्या कोपऱ्याला दगड रोवले गेले, टिपणे काढली गेली.

या मोजणीच्या कितीतरी आधीपासून गावाच्या शिवेची माहिती ज्याच्याकडे असायची तो गावचा महार. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला तर महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. शीव राखणे आणि हद्दीच्या दगडांवर लक्ष ठेवणे हे त्याचे वतनी काम. सरकारी मोजणीदार आला तरी वाट दाखवायला आणि हद्द सांगायला तोच. म्हणजे ज्याला गावाची इंचन्‌इंच जमीन ठाऊक होती, त्याच्याच नावावर सगळ्यात कमी जमीन होती. वतनाची हाडकी-हाडवळ्याची तुटपुंजी जमीन, तीही पिढ्यान्‌पिढ्या भाऊबंदांत वाटली गेलेली. तिच्या बदल्यात सरकारी आणि गावकी कामासाठी रात्री-अपरात्री हाक येईल तेव्हा उठायचे. घरातला कर्ता आजारी असेल तर घरातले दुसरे कुणीतरी जायचे.

भीमराव मुंबईला गेले, १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि तिथून लंडनला गेले. परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी सरकारदरबारी असे मानले जात होते की शेताचे तुकडे एकत्र केले, एकत्रीकरण केले की शेती सुधारेल. बाबासाहेबांनी वेगळे मांडले. शेत मोठे की लहान हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्या शेतावर भांडवल, अवजारे, बैल, पाणी किती आहे त्यावर ते ठरते. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे लटकून आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय शेती सुधारणार नाही. नकाशावर रेघा बदलल्याने दारिद्र्य हटत नाही, असा या निबंधाचा मथितार्थ. सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने तो लिहिला होता. पाटबंधारे आणि वीज या दोन्ही गोष्टींकडे ते पुढे इतक्या आस्थेने का वळले, याचे उत्तर या निबंधात सापडते. पाणी शेतीला आणि वीज उद्योगाला, अशी ती जोडी आहे.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. महारांना सरकारी कामाचा रोख पगार मिळावा, वतनाच्या जमिनी पूर्ण शेतसारा भरून त्यांच्या स्वतःच्या व्हाव्यात आणि ही वेठ संपावी, हा त्याचा गाभा होता. विधेयक मंजूर होऊ शकले नाही. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले, तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

तळे कुणाचे?

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले ते इथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. त्या सत्याग्रहानंतरच्या कोर्टकज्ज्याकडे मात्र लक्ष द्यायला हवे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले होते. कागदावर सगळे ठीक होते. प्रत्यक्षात अस्पृश्य माणूस पाणी प्यायला तेव्हा मार खाऊन घरी गेला, आणि सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा ठोकला. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

दहा वर्षे एका तळ्यासाठी. ते तळे नव्याने बांधलेले नव्हते, त्यात पाणी होते, पालिकेचा ठरावही होता. तरीही मालकी कुणाची आणि वहिवाट कुणाची यावर वकिलांना झुंजावे लागले. पाण्याच्या कामात दगडमातीच्या आधी हक्काची नोंद लागते, हा धडा बाबासाहेबांनी इथे स्वतःच्या घामाने घेतला.

दामोदरचा पूर आणि दिल्लीतले मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्री. या खात्याच्या पोटात कामगारांबरोबर पाटबंधारे, वीज, खाणी आणि सरकारी बांधकाम विभागही होता. वडील ज्या बांधकाम खात्यात साताऱ्याला नोकरी करत होते, त्याच प्रकारच्या कामाची देशपातळीवरची सूत्रे मुलाकडे आली.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. ही नदी आजच्या झारखंडातल्या डोंगरात उगम पावते आणि बंगालमध्ये उतरते. त्या वेळी पहिला भाग बिहार प्रांतात होता. पुराने बांध फोडला, शेते आणि गावे बुडाली, कलकत्त्याकडे जाणारी रेल्वे आणि रस्ते तुटले. महायुद्ध चालू होते आणि त्याच वर्षी बंगालात भीषण दुष्काळही होता. तोवर पुरावर एकच उपाय माहीत होता, काठाने बांध घालायचा. बांध घातला की नदीचा गाळ पात्रातच साचतो, पात्र वर येते, बांध आणखी उंच करावा लागतो आणि एक दिवस तो फुटतो. दामोदरवर हेच पिढ्यान्‌पिढ्या चालले होते.

बाबासाहेबांच्या खात्याने वेगळी वाट धरली. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एक प्राधिकरण स्थापन झाले होते. त्यात अख्खे खोरे हाच नियोजनाचा एकक मानला होता. वरच्या बाजूला धरणे बांधून पूर साठवायचा, ते पाणी सावकाश सोडून वीज काढायची, पुढे कालव्याने शेतीला द्यायचे आणि नदीत नावा चालतील इतका प्रवाह ठेवायचा. एकाच पाण्याकडून चार कामे करून घ्यायची. टेनेसीचा अनुभव असलेले अभियंते डब्ल्यू. एल. वुर्डुइन यांना भारतात आणले गेले. ३ जानेवारी आणि २३ ऑगस्ट १९४५ रोजी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या परिषदा झाल्या आणि बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांना एकाच योजनेभोवती बसवले. वुर्डुइन यांच्या आराखड्यात आठ धरणे होती. १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले आणि पुढे तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणे बांधली गेली.

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकमध्ये ओडिशाच्या नद्यांवर अशीच परिषद त्यांनी घेतली. पुराच्या पाण्याला शत्रू समजून ते समुद्रात ढकलून देऊ नका, ते अडवून कामाला लावा, ही भूमिका त्यांनी तिथे मांडली. महानदीवरचे हिराकुड धरण याच प्रयत्नांच्या पुढचे पाऊल.

धरणांइतक्याच महत्त्वाच्या ठरल्या त्या संस्था. १९४४ मध्ये विजेच्या नियोजनासाठी केंद्रीय तांत्रिक मंडळ आणि एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. ज्येष्ठ अभियंते ए. एन. खोसला त्याचे पहिले अध्यक्ष. आजचा केंद्रीय जल आयोग हा याच आयोगाचा वारस आहे. नदीत किती पाणी वाहते, पाऊस किती पडतो, धरणाची जागा भक्कम आहे का, हे मोजणारे सरकारी यंत्रतंत्र प्रांताप्रांतात विखुरलेले होते. मोजमाप नसेल तर वाटप अंदाजाने होते आणि अंदाज नेहमी बलवानाच्या बाजूने झुकतो. म्हणून आधी मोजणारी संस्था हवी, हे या कामातून दिसते.

याच वर्षांत त्यांनी आणखी एक आग्रह धरला. अस्पृश्य समाजातील मुलांनी कला आणि कायदा या शिक्षणावर थांबू नये, विज्ञान आणि तंत्रशिक्षणात जावे, परदेशात जाऊन ते शिकावे, त्यासाठी सरकारने पैसा द्यावा. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या घरांतून जे अभियंते निघतात, त्यांपैकी अनेकांची फी त्या योजनेतून भरली गेली आहे.

घटनेतल्या नद्या

१९३५ च्या कायद्यात पाणी हा प्रांतांचा विषय होता. नदी मात्र प्रांताची सरहद्द ओळखत नाही. दामोदरच्या वाटाघाटींत बाबासाहेबांनी हे जवळून पाहिले होते. राज्यघटनेत म्हणूनच दोन तरतुदी दिसतात. आंतरराज्य नद्यांचे नियमन आणि विकास हा संघसूचीतील ५६ वा विषय झाला. आणि अनुच्छेद २६२ ने संसदेला आंतरराज्य पाणीतंटे सोडवण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार १९५६ मध्ये आंतरराज्य पाणीतंटा कायदा झाला.

हे फार दूरचे वाटेल, पण उंब्रजच्या पुलाखालून वाहणारे पाणी याच कायद्याखाली मोजले जाते. कृष्णा पाणीतंटा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला. न्यायमूर्ती बच्छावत त्याचे अध्यक्ष होते. १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले गेले. लाठ्या घेऊन नदीवर न जाता लवादापुढे आकडे मांडायचे, ही शिस्त आपल्याला घटनेने दिली आहे.

जमिनीबाबत बाबासाहेबांनी १९४७ मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याकांविषयीच्या आपल्या मसुद्यात याहून पुढची मांडणी केली होती. शेती हा सरकारी उद्योग असावा, सरकारने जमीन घेऊन तिचे ठरावीक आकाराचे भाग पाडावेत आणि जातीचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावेत, अशी ती योजना. ती घटनेत आली नाही. भूमिहीन तसाच राहिला.

राजगृह आणि नागसेनवन

बांधकामाकडे बाबासाहेब फक्त मंत्री म्हणून पाहत नव्हते. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह त्यांनी आपल्या ग्रंथांसाठी बांधून घेतले आणि बांधकामाच्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घातले. १९५० मध्ये औरंगाबादला त्यांनी कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. शहराबाहेर, लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला, उघड्या माळावर ही जागा होती. तिथे इमारतींबरोबर झाडी उभी राहावी असा त्यांचा ध्यास होता. त्या परिसराला त्यांनी नागसेनवन हे नाव दिले. नावातच वन आहे.

यात आपल्या परंपरेचाही धागा आहे. कराडजवळच्या आगाशिव डोंगरातली बौद्ध लेणी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना खडकात खोदलेली पाण्याची टाकी आठवतील. वर्षावासासाठी निवारा करणाऱ्यांनी डोंगरावर पडणाऱ्या पावसाची सोयही त्याच खडकात केली. जागा बघून बांधणे, पाणी जिरवणे आणि साठवणे, झाडे राखणे याला आज शाश्वत रचना म्हणतात. आपल्या विहारांची बांधकामे करताना आपण मात्र अंगणात सिमेंटचा कोबा घालून मोकळे होतो.

रोहिणीचे पाणी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने घर का सोडले या प्रश्नाचे त्यांनी त्यात दिलेले उत्तर पाण्याशी जोडलेले आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून वैराग्य आले ही प्रचलित कथा त्यांना पटणारी नव्हती. त्यांच्या मांडणीत कारण आहे रोहिणी नदी. शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून ही नदी वाहत होती. दोघांची शेते तिच्यावर भिजत. पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून दोन्हींकडच्या लोकांत मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आपले दोन, त्यांचे दोन आणि या चौघांनी निवडलेला पाचवा अशा मंडळाने तंटा सोडवावा, असा पर्याय त्याने सुचवला. संघाने तो फेटाळला आणि सिद्धार्थाला देश सोडावा लागला.

चार वर्षे नद्यांचे काम पाहिलेल्या आणि पाणीतंट्याची तरतूद घटनेत आणलेल्या माणसाने आयुष्याच्या शेवटी तथागतांचे चरित्र असे सांगावे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. मसूरच्या वाटेवर पाणी न मिळालेला मुलगा, महाडचा सत्याग्रही, दिल्लीतला मंत्री आणि धम्मग्रंथाचा लेखक हे सगळे रोहिणीच्या काठावर एकत्र भेटतात. पाणी मोजा, तंटा बसून सोडवा आणि वाटा देताना माणसाची जात पाहू नका, ही त्यांची शिकवण आहे.

आपण काय करायचे?

मोठ्या धरणांनी सगळे प्रश्न सोडवले असे म्हणणे खोटे ठरेल. दामोदरवर आठपैकी चारच धरणे झाली, पूर पूर्ण थांबले नाहीत आणि विस्थापितांमध्ये आदिवासी मोठ्या संख्येने होते. आपल्या उशाशी कोयना आहे. तिच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. पण कोयनेचे धरणग्रस्त सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यात विखुरले आणि त्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्या दोन-तीन पिढ्या चालू राहिल्या. धरण कुणाच्या जमिनीवर आणि पाणी कुणाच्या उसाला, हा प्रश्न बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी विचारलाच पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीने तो विचारला. येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाच्या वेळी, जमीन नसलेल्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा असला पाहिजे, ही मागणी तिथे पुढे आली. येरळा खटावातूनच खाली येते.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना जे पाहतो ते असे. वतनाची जमीन पुन्हा नावावर करून घेण्यासाठी भरायची रक्कम आजोबांनी भरली की नाही, हे घरात कुणाला माहीत नसते. सातबाऱ्यावर बारा-पंधरा नावे, प्रत्यक्ष ताबा भलत्याचाच. नव्या शर्तीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही हे न कळल्याने साध्या कागदावर व्यवहार झालेले. वस्तीची गटारे गावाच्या सखल टोकाला येऊन थांबलेली आणि पाण्याच्या पाइपलाइनचे शेवटचे टोक वस्तीत. यातले काहीही निसर्गाने केलेले नाही. हे कुणीतरी कधीतरी आखलेले आहे आणि ते पुन्हा नीट आखता येते.

म्हणून आमची विनंती अशी. आपल्या कुटुंबाचे जुने सातबारे, फेरफार, टिपणाची नक्कल आणि वतनाचे कागद काढून एका फायलीत लावा. हद्दीचा वाद असेल तर भांडण करण्याआधी रीतसर मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी हजर राहा. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होत आहे. आपल्या गावात ती होईल तेव्हा वस्तीतले प्रत्येक घर नकाशावर आले का ते तपासा आणि सनद ताब्यात घ्या. रस्ता, गटार, पाणीयोजना यांचा आराखडा ग्रामसभेत मागा आणि उतार कोणत्या बाजूला आहे ते विचारा.

आणि ज्या घरात दहावी-बारावीची मुले-मुली आहेत त्यांनी स्थापत्य, सर्व्हेअर, ड्राफ्ट्समन या शिक्षणाकडे गंभीरपणे पाहावे. नोकरी मिळते हे तर आहेच. पण ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांच्या शिवा राखल्या, त्या समाजाच्या मुलीने मोजणीचे यंत्र स्वतःच्या हाताने लावावे, वस्तीचा नकाशा स्वतः काढावा, यात बाबासाहेबांनी १९४४ मध्ये पाहिलेले स्वप्न आहे. पुढच्या १४ एप्रिलला मिरवणुकीबरोबर आपल्या वस्तीच्या पाण्याचा आणि जमिनीचा एक नकाशा विहारात लावता आला, तर ती खरी जयंती होईल.

जय भीम. नमो बुद्धाय.